गाळातल्या माणसाची समजावणी

नेरडीगोंडा
३ नोव्हेंबर २०२४

संघपालदादा, जयभीम.

आज दुपारी तू फोन केलास आणि मी ऑफिसात आहे म्हणून ठेवून दिला. आज रविवार आहे हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मी घरीच होते आणि बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. आमच्या दोन खोल्यांत त्यांच्याबद्दल त्यांना न कळू देता बोलता येत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. उत्तर कचेरीच्या पत्त्यावर पाठव, घरच्या नको.

तुझं बोलणं मला नीट कळलं असेल तर ते असं: पुण्यात तुमचं जुने परदेशी सिनेमे बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. तुम्ही भुताखेतांचे, राक्षसांचे, कराटेचे पडेल सिनेमे शोधून काढता आणि हौसेनं बघता. जानेवारीत तुम्ही असा एक सिनेमा लावणार आणि पडद्याशेजारी बाबांना उभं करणार. वामनरावाच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत ते परदेशी सिनेमाची जशी मराठीत समजावणी करायचे तशीच त्यांनी करायची.

दादा, तंबू बंद होऊन वीस वर्षं झाली. तेव्हा मी एवढीशी होते, मला फक्त चटईचा वास आणि बाबांचा कर्ण्यातून येणारा आवाज आठवतो. तंबूत बसायचे ते सगळे आपलेच, कापूस वेचून आलेले लोक. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि बाबांनाही येत नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही. तुझ्या मंडळातल्या लोकांना इंग्रजी येतं. बाबा काहीतरी मनाचं सांगणार आणि ते लोक एकमेकांकडे बघणार, हे मला आत्तापासून दिसतं आहे. त्यांची फजिती होऊ नये एवढीच माझी इच्छा आहे. तू त्यांना थेट विचारलंस तर ते लगेच हो म्हणतील. म्हणून आधी मला विचारलंस हे बरं केलंस.

दीपमाला


पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय माले,

या काळात कागदावर पत्र मागवणारी तू एकटीच. कुरियरवाल्यानं आत काय आहे विचारलं, मी म्हटलं चुलत बहिणीची शंका आहे, जपून न्या.

तू फार लहान होतीस म्हणून सांगतो. वामनराव तेलुगू सिनेमे का आणत नव्हता? ते महाग, आणि आपल्या तेलंगणाच्या सरहद्दीवरच्या गावांना तेलुगू कळायचं नाही. मराठी रिळं मोठ्या गावांना आधी जायची. नागपूरच्या गुदामात मात्र परदेशी सिनेमे पोत्याच्या भावात मिळायचे. कुठले कुठले. मेक्सिकोतले मुखवटेवाले पैलवान, इटलीतल्या रक्तपिपासू बाया, हाँगकाँगचे म्हातारे मास्तर जे एका बोटानं भिंत पाडतात. त्यातले अर्धे आधीच एका भाषेतून दुसरीत घातलेले, त्यामुळे माणूस तोंड मिटून घ्यायचा आणि आवाज नंतर यायचा. काका म्हणायचा, "हे लोक पोटातून बोलतात. तोंड नुसतं शेजाऱ्याले दाखवासाठी हाय."

मी पुढे शिकलो, नोकरीला लागलो, मोठमोठे सिनेमे बघितले, समजूतदारपणे मान हलवली. पण मला सुख होतं ते याच कचऱ्यात. वटवाघळाला बांधलेला दोरा दिसतो. एकच स्फोट तीन सिनेमांत वापरलेला असतो. मगर रबराची आहे आणि नटी तिच्याकडे बघून खरंखरं रडते. कुणीतरी हातात काही नसताना एक अख्खं जग उभं करायला निघालाय आणि ते प्रत्येक कोपऱ्यातून उसवतंय. हे बघताना मला काकाचाच आवाज ऐकू येतो. तो दर ठिकाणी टाका घालायचा.

आपण 'गाळातला' लावणार आहोत. आठवतो? तळ्याच्या गाळातून राक्षस निघतो. त्याच्या पाठीवर कातडी सोंगाची चेन स्पष्ट दिसते. भैंसा गावच्या बाजारात एक टारगट पोरगं ओरडलं, "चंपतराव, याच्या पाठीले चेन हाय." अख्खा तंबू हसला. काका तसाच थंड. म्हणाला, "चेन नव्हं बाबू. कोरड्यानं फोडला त्याले मालकानं, थो वळ हाय." तंबू गप्प झाला. तो सिनेमा मी नंतर कितीदा पाहिला. मला ती चेन कधी दिसतच नाही.

काकाला पाठव. त्याला हसतील ते प्रेमानंच हसतील.

तुझा,
संघपाल


नेरडीगोंडा
२ डिसेंबर २०२४

संघपालदादा, जयभीम.

बाबांना सांगितलं. संध्याकाळी बघते तर मागच्या दारी उभे राहून घसा साफ करत होते आणि शेजारच्या देवकाबाई विचारत होत्या, "काऊन हो चंपतराव, सर्दी झाली का?" तेव्हा येणार हे नक्की धर.

तू पाठवलेला 'गाळातला' मी फोनवर पाहिला. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती वाचून, थांबवून थांबवून, शब्दकोश जवळ घेऊन. मला तुझ्यासारखं सुख झालं नाही. मला धक्का बसला.

बाबांच्या तोंडून मी ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकली आहे. गावातली शाळा तेलुगूची, म्हणून मला मराठी त्यांनीच घरी शिकवलं, आणि तेही या सिनेमांवरून. ग गाळाचा, क कवटीचा. त्यांची गोष्ट अशी: गाळातला हा एका मालकाचा सालगडी. तळ्याचा बांध टिकत नव्हता म्हणून मालकानं त्याला बांधात जिवंत पुरला. तो उठून येतो. पांढऱ्या झग्यातली जी मुलगी तो उचलून नेतो ती त्याची बहीण, मालकाच्या घरी राबणारी. तो तिला सोडवायला आलेला असतो. शेवटी शिपाई गोळ्या घालतात, पण गाळाला गोळी लागत नाही. तो पाण्यात उतरतो, म्हणजे आपल्या घरी जातो.

खऱ्या सिनेमात यातलं काहीही नाही. एक शास्त्रज्ञ बेडकांवर औषधाचा प्रयोग करतो, ते तळ्यात सांडतं, त्यातून हा प्राणी होतो. मुलगी शास्त्रज्ञाची वाग्दत्त वधू आहे. प्राण्याला ती हवी असते. शेवटी एक अधिकारी त्याला मारतो आणि तिला मिठी मारतो. बहीण नाही, बांध नाही, मालक नाही.

मी दोन दिवस कचेरीत नीट काम करू शकले नाही. मॅडमनी विचारलंसुद्धा, घरी कुणी आजारी आहे का.

तुमच्या मंडळाची जाहिरातही पाहिली. "इंग्रजीचा गंध नसलेला माणूस समजावतोय इंग्रजी सिनेमा. पोट धरून हसायला या." ती तू लिहिलीस की दुसऱ्या कुणी, ते मी विचारत नाही. बाबांना पाठवते. पण आता मी त्यांना माझ्या पद्धतीनं तयार करून पाठवीन. मला रजा मिळणार नाही, आमच्या गल्लीतला वैभव पुण्याला शिकतो, तो त्यांना सोबत आणील.

दीपमाला


नेरडीगोंडा
२३ डिसेंबर २०२४

चि. संघपाल यास काकाचा जयभीम.

मी खुशाल हाय. तू बी असशील. माली ऑफिसात गेली तवा लिहून राह्यलो. अक्षर वाकडं आलं तं समजून घे, रातच्या शाळेत शिकलेलं हाय.

पोट्टी मले लय मेहनतीनं शिकवून राह्यली. आपली ष्टोरी चुकीची होती लेका. मले म्हाईतच नव्हतं. एवढे वर्स लोकाइले फसवलं मी. थो सालगडी नव्हं, बेडकाच्या औषधातून झाला म्हणते. ते पोरगी त्याची बहीण बी नव्हं. मले आधी खरं वाटलं नाही, पण मालीनं लिहून देल्लं, एका बाजूनं इंग्रजी, एका बाजूनं मराठी. तिनं लिहिलं म्हणजे बराबर असन. आपल्यात एवढी शिकलेली तीच हाय. रोज सांजी ती चिमणीवानी समोर बसते अन् मी म्हणून दाखवतो. चुकलो का थांबवते. "बाबा, तो 'मागतो' नाही, 'हल्ला करतो'." मग मी पुन्हा म्हणतो.

एक गोष्ट जमून नाही राह्यली. थो पोरगीले उचलते तवा माह्या तोंडात आपोआप "चाल माय, घरी चाल" येते. माली म्हणते तसं नाही बाबा. तं मी तिथं गप राहीन.

कोट घेतला हाय, वैभवच्या बापाचा. तिकडं थंडी किती हाय ते कळव. तिले हे पत्र सांगू नको, म्हणन बाबा भेले.

तुझा काका
चंपतराव


पुणे
१४ जानेवारी २०२५

प्रिय माले,

काका काल सकाळच्या गाडीनं निघाला, आज पोचला असेल. रविवारचा कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं होतं, लोक मागे उभे होते. काकाला शाल दिली. लोकांनी फोटो काढून घेतले. आवाज अजून तसाच आहे, माइकशिवायही मागे गेला असता.

प्रवासानं जरा थकलेला वाटला. वय झालं त्याचं. त्यानं काही सांगितलं तर मनावर घेऊ नकोस.

इथे थंडी बरीच आहे. तिकडे तर जास्तच असेल.

संघपाल


नेरडीगोंडा
२७ जानेवारी २०२५

संघपालदादा,

तुझ्या पत्रात शाल आहे, फोटो आहेत, थंडी आहे. बाबांनी कसं सांगितलं ते नाही.

तेही सांगत नाहीत. आले त्या दिवशी कोट घडी करून वैभवच्या घरी परत देऊन आले. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "तू जसं सांगतलं तसंच केलं." मला बरं वाटलं, खरंच. मी वाट बघत होते की आता ते देवकाबाईंना पुण्याचं सांगतील, हॉटेलचं सांगतील, हात हलवून हलवून. ते अंगणात बसून राहिले. गल्लीतल्या बाया जमल्या. चंदाच्या आईनं विचारलं, "मंग भाऊजी, लोक हासले का रडले?" बाबा म्हणाले, "मालीले विचारा."

मी काय सांगणार? मी तिथे नव्हते.

तेव्हा माझी समजूत अशी झाली आहे, ती चूक असेल तर सांग. तुझ्या मंडळानं जाहिरातीत म्हटलं होतं तेच केलं. पोट धरून हसले. माझे बाबा सहासष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये गठ्ठे उचलले, मला शिकवलं, पण ते कुणाच्या दारात हात पसरायला गेले नाहीत. त्यांना तू दोन-अडीचशे शिकलेल्या लोकांसमोर सोंग म्हणून उभं केलंस. रबराची मगर बघावी तसं त्यांना बघितलंत. दोरा दिसतो का ते बघितलंत. मी सगळं बरोबर करून पाठवलं होतं, एक शब्द चुकीचा नव्हता, तरीही हसलात.

तू लहानपणी आमच्याच घरी जेवायचास, दादा.

दीपमाला


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

तुझं पत्र तीनदा वाचलं. जाहिरात मीच लिहिली होती. लोक यावेत म्हणून. मला वाटलं हसायला बोलवावं, ते येतील, आणि मग काका त्यांना गप्प करील, भैंशाच्या बाजारात केलं तसं. मला ते बघायचं होतं. मी तुला हे आधीच लिहायला हवं होतं, तू नाही म्हणशील म्हणून लिहिलं नाही.

पण झालं ते असं नाही. कुणीही हसलं नाही. एकदाही नाही.

काका कोट घालून उभा राहिला. सिनेमा सुरू झाला आणि तो कागद काढून वाचायला लागला. "शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत प्रवेश करतो. तो सहाय्यकाला सांगतो की औषध अद्याप पूर्ण झालेलं नाही." अगदी बरोबर. खाली पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत होती, लोक ती वाचत होते आणि काका तेच, एक ओळ मागून, मराठीत सांगत होता. मध्यंतरापर्यंत अर्धे लोक चहाला गेले आणि आले नाहीत. उरलेले फोन बघत होते. काकाला ते दिसत होतं. तंबूत लोक त्याला उलटून बोलायचे, शिव्या द्यायचे, पुढं काय म्हणून ओरडायचे. इथे त्याला खोकल्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, टाक तो कागद. त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

गाळातला मुलीला उचलतो तिथे तो थांबला. पडद्यावर तेवढा वेळ कुणी बोलत नाही, तेव्हा कुणाला कळलं नसेल. मी बघत होतो, त्याचे ओठ हलत होते. आवाज काढला नाही.

शेवटी गोळ्या झाडल्या. काकानं कागद पाहिला, पडदा पाहिला, आणि म्हणाला, "अन् थो मरते." माइक खाली ठेवला आणि पडदा उजळायच्या आत खाली उतरला. टाळ्या वाजल्या, शाल दिल्यावर वाजवतात तशा.

मला दोष दे, मी घेतो. पण थोडा तुझ्या बाजूलाही ठेव. त्यानं मला डिसेंबरात लिहिलं होतं तू काय करते आहेस ते. तेव्हाच मी तुला थांबवायला हवं होतं. मला वाटलं, पडद्याचा उजेड तोंडावर पडला की काका तुझा कागद विसरेल. मी विसरलो की तो कागद तुझ्या हातचा आहे. दुसऱ्या कुणी दिला असता तर त्यात भजी बांधली असती त्यानं.

इंग्रजीची भाषांतरं करणारे इथे रस्त्यावर मिळतात, माले. त्यासाठी नेरडीगोंड्याहून माणूस आणला नव्हता. तू कचेरीत लोकांचे दाखले तपासतेस तसा तू काकाचा राक्षस तपासलास.

संघपाल


नेरडीगोंडा
१६ मार्च २०२५

संघपालदादा, जयभीम.

तुझं पत्र कचेरीत आलं तेव्हा समोर माणसं उभी होती, दाखल्यासाठीच. मी ते संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. वाचल्यापासून उत्तर लिहायचं टाळत होते. तू लिहिलंस त्यात खोडायला काही सापडलं नाही. मी शोधलं.

बाबांना मी सांगितलं की माझं चुकलं. त्यांना ते कळतच नाही. म्हणतात, "काऊन माय, तुझं तं बराबर होतं. मीच चुकीचं सांगत आलो." मी म्हटलं, बाबा, तुमची गोष्ट चांगली होती. म्हणाले, "चांगली असन. खरी नव्हती." हे मीच त्यांना शिकवलं, आणि त्याआधी त्यांनीच मला. लहानपणी शाळेत मी खोटं बोलले म्हणून त्यांनी मला एकदाच मारलं होतं. आपल्या लोकांचं आजवर कुणी खरं मानलं नाही, म्हणून आपण खोटं बोलायचंच नाही, असं तेव्हा म्हणाले होते. आता ते सिनेमालाही लावतात.

मागच्या आठवड्यात देवकाबाईंकडे टीव्हीवर एक चिनी मारामारीचा सिनेमा लागला होता. त्यांनी मुद्दाम बाबांना हाक मारली, "या चंपतराव, हा म्हातारा कोण हाय सांगा." बाबा गेले, बसले. मी दाराशी उभी होते. मनात म्हणत होते, सांगा, काहीही सांगा. म्हाताऱ्यानं दहा माणसं पाडली, भिंत पाडली, होडी पाण्यात उलटली. बाबा बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मले त्याहीची भाषा येत नाही." आणि उठून आले.

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच.

काल आईची तिथी होती. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा एक फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती कुणीही वाटते. मला ती माहीत आहे ती बाबांच्या सांगण्यातली. दर वर्षी या दिवशी आम्ही मेणबत्ती लावतो, वंदना म्हणतो, आणि मग बाबा सांगतात. तिनं मुकादमाच्या हातातून तराजू हिसकावून कापूस स्वतः मोजला होता ते. नाल्याला पूर आला तेव्हा मला डोक्यावर टोपल्यात घालून ती पलीकडे आली ते. मी मोठी झाले तसतसं पाणी वाढत गेलं होतं, आधी कमरेपर्यंत होतं, मग गळ्यापर्यंत. मला ते माहीत होतं. मी कधी बोलले नाही, मला ते पाणी आवडायचं.

काल वंदना झाली. मी वाट बघत बसले. बाबांनी सुरुवात केली, "तुही माय..." आणि थांबले. मग म्हणाले, "माले, नाल्याले तवा पूर होता का नव्हता, मले नक्की आठवत नाही." मी म्हटलं, असू दे, सांगा. "चुकीचं काऊन सांगू? तिचं तरी बराबर सांगतलं पाह्यजे." मग ते मला विचारायला लागले, तराजूचं भैंशाला झालं की इकडे, मुकादमाचं नाव काय होतं. मला काय माहीत असणार? शेवटी म्हणाले, जेवढं पक्कं हाय तेवढं सांगतो. तिचं नाव सखूबाई. माहेर किनवटकडचं. कावीळ झाली. दवाखान्यात नेली. एवढं सांगून ते थांबले आणि मला म्हणाले, "हे बराबर हाय."

ती गेली तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास आणि तिच्या हातचं जेवला आहेस, तुला ती नीट आठवत असेल. पूर होता का, हेही तुला माहीत असेल. मला कळवू नकोस. तू लिहिशील ते खरं असेल, आणि मी ते वाचल्याशिवाय राहणार नाही.

दीपमाला